अर्भकांचा अकस्मात मृत्यू : कारणांचा शोध आणि आपले कर्तव्य

संस्थेच्या वार्षिक अहवालात ताळेबंद, रुग्णसंख्या आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीने आरोग्याच्या एखाद्या प्रश्नाचा अभ्यासपूर्वक परामर्श घेण्याची आपली प्रथा आहे. यंदाचा विषय सुखद नाही. तथापि तो टाळणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. आम्ही वैद्यक नाही. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे असून आयुष्य प्रशासनात गेले. म्हणून पुढील विवेचन रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांकडून समजून घेऊन, त्यांच्या नजरेखालून घालूनच येथे दिले आहे.

गेल्या पावसाळ्यात, ऐन रोवणीच्या दिवसांत, तालुक्यातील नदीकाठच्या एका गावातून अकरा महिन्यांच्या एका मुलीला पहाटे रुग्णालयात आणण्यात आले. आदल्या दिवशी दुपारपर्यंत ती आजीजवळ खेळत होती. सायंकाळी अंग तापले. रात्री ती पांढरीफटक पडली आणि तिचे पोट फुगले. वाहन मिळून आमच्या दाराशी पोचेपर्यंत श्वास थांबला होता. नोंदवहीत आम्ही लिहिले : ‘अकस्मात मृत्यू, कारण अनिश्चित.’

हिशेब लिहिणाऱ्यांना उचंत खाते ठाऊक असते. एखाद्या रकमेचा उलगडा झाला नाही, की ती तात्पुरती उचंत खात्यात टाकतात. उलगडा झाल्यावर तिला योग्य खात्यात न्यावयाचे असते. ते खाते वर्षानुवर्षे तसेच राहिले, तर हिशेबनीस कामात कुचराई करीत आहे असे समजावे. ‘कारण अनिश्चित’ हे आमच्या मृत्यू नोंदवहीचे उचंत खातेच होते, आणि त्याचा उलगडा करण्याचा प्रयत्न आम्ही आजवर मनापासून केला नव्हता, ही कबुली प्रारंभीच देणे उचित होय.

१. ‘अकस्मात’ या शब्दाचा शास्त्रीय अर्थ

पाश्चात्त्य देशांत निरोगी दिसणारे अर्भक रात्री झोपी जावे आणि सकाळी मृतावस्थेत आढळावे, अशा घटना दीर्घकाळ वैद्यकांना कोड्यात टाकीत आल्या आहेत. १९६९ मध्ये अमेरिकेत भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत या प्रकारास ‘अर्भकाचा अकस्मात मृत्यू’ असे स्वतंत्र नाव व व्याख्या देण्यात आली. पुढे तीत भर पडून आज तिचा आशय असा आहे : एक वर्षाच्या आतील बालकाचा मृत्यू, ज्याचे कारण शवपरीक्षा, घटनास्थळाची पाहणी व पूर्वेतिहास या तिन्ही बाबी तपासूनही सापडत नाही. असे मृत्यू दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक आढळतात.

या क्षेत्रातील मोठे यश आश्चर्य वाटावे इतक्या साध्या उपायाने लाभले. पालथे झोपवलेल्या अर्भकांत धोका अधिक असतो हे लक्षात आल्यावर बाळाला पाठीवर झोपवण्याचा प्रचार सुरू झाला. अमेरिकेत ही मोहीम १९९४ मध्ये हाती घेण्यात आली आणि काही वर्षांतच तेथील अशा मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. आपल्या मातांनीही बाळाला पाठीवर निजवावे, तोंडावर पांघरूण घेऊ नये, आणि बाळाजवळ विडी-सिगारेटचा वा धुरीचा धूर होऊ देऊ नये.

उरलेल्या मृत्यूंची कारणे शास्त्रज्ञ आता रेणूंच्या पातळीवर शोधीत आहेत. बोस्टन येथे डॉ. हॅना किनी व त्यांच्या सहकाऱ्यांना अशा अनेक बालकांच्या मेंदूस्तंभात सेरोटोनिन या रसायनाच्या व्यवस्थेत दोष आढळले. श्वास कोंडल्यावर झोपेतून जागे करणारी यंत्रणा याच व्यवस्थेवर अवलंबून असते. काही बालकांत हृदयाचे ठोके नियंत्रित करणाऱ्या जनुकांत बिघाड सापडला, तर काहींत चरबीपासून ऊर्जा निर्माण करणारे विकर जन्मतः निकामी होते. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी नवजात बालकांच्या टाचेतून घेतलेल्या, कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून आणखी एका विकराच्या कमतरतेकडे लक्ष वेधले. तो अभ्यास लहान होता व त्यातून उपयोगी चाचणी अद्याप निघालेली नाही.

असे संशोधन कोणाच्या कामी येते, याचे एक उदाहरण त्याच देशातील आहे. कॅथलीन फोलबिग या मातेची चार मुले १९८९ ते १९९९ या काळात एकामागून एक दगावली आणि २००३ मध्ये न्यायालयाने त्यांच्या मृत्यूबद्दल तिलाच दोषी ठरवले. पुढे तिच्या दोन मुलींत हृदयाच्या स्पंदनाशी संबंधित जनुकाचा दुर्मीळ बदल आढळला. वीस वर्षे कारावासात काढल्यानंतर जून २०२३ मध्ये तिला माफी मिळाली व डिसेंबर २०२३ मध्ये दोषसिद्धी रद्द झाली. मृत्यूचे कारण शोधले गेले नाही, की दोष मातेच्या पदरी पडतो. हा नियम केवळ परदेशापुरता नाही.

२. आपल्याकडील प्रश्न निराळा आहे

वरील व्याख्येत ‘सर्व तपास करूनही कारण सापडत नाही’ ही अट आहे. आपल्या खेड्यांत मुळात तपासच होत नाही. शवपरीक्षेस कुटुंब सहसा तयार नसते, आणि आपणही आग्रह धरीत नाही. त्यामुळे आपल्याकडील ‘अनिश्चित’ मृत्यूंपैकी बहुतेक, अज्ञात नसून न शोधलेले असतात.

हे शोधता येते, याचा दाखला दूर नाही. पवनीच्या घाटांवरून वाहणारी वैनगंगा पुढे गडचिरोली जिल्ह्याकडे जाते. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेमार्फत गावोगावच्या बालमृत्यूंची नोंद ठेवण्याचे कार्य केले. मूल दगावले, की घरच्या माणसांना लक्षणे क्रमवार विचारून कारणाचा निष्कर्ष काढावयाचा, अशी ही पद्धत असून तिला शाब्दिक शवपरीक्षा म्हणतात. कारणे कळली म्हणून उपाय सुचले. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ३९ गावांत राबवलेल्या घरोघरच्या नवजात बालसेवेने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले आणि हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. न्यूमोनिया, जंतुदोष, कमी वजन ही आपल्या भागातील बालमृत्यूची प्रमुख कारणे होत. परंतु झाडीपट्टीत यांच्या मागे आणखी एक कारण दडलेले असते. तेही रेणूतील दोषाचे आहे, आणि त्याचा शोध लागून पाऊण शतक लोटले आहे. ते म्हणजे सिकलसेल.

३. एका अक्षराचा फरक

सिकल म्हणजे विळा. रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या असण्याऐवजी धान कापण्याच्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, म्हणून हे नाव. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे प्रथम वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष पेशीतील हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे सिद्ध केले आणि या आजारास ‘रेणूचा आजार’ म्हटले. वैद्यकाच्या इतिहासात एखाद्या रोगाचे मूळ अशा प्रकारे रेणूत दाखवले गेल्याचा हा पहिला प्रसंग होय. पुढे १९५६ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ओळीने गुंफलेली असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, इतकाच काय तो फरक. जनुकाच्या लिपीत सांगावयाचे तर, एक अक्षर चुकते. लाखो रुपयांच्या हिशेबात एक आकडा चुकला तर काय होते, हे आम्हांस सांगण्याची गरज नाही.

हा बदललेला रेणू प्राणवायू सोडताच शेजारच्या रेणूंना चिकटून लांब दोरे तयार करतो. पेशी ताठर व वाकडी होते, केशवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही पेशी केवळ दहा ते वीस दिवस.

दोष आई व वडील या दोघांकडून आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर ती व्यक्ती वाहक असते. वाहक व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगते. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते. वाहकांना हिवतापाच्या घातक प्रकारापासून काही प्रमाणात संरक्षण लाभते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. म्हणूनच जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप ठाण मांडून होता, अशा जंगलपट्ट्यांत हा दोष टिकून राहिला. तो कोणाच्या पापाचे फळ नाही, की कोणत्या कुळाचा कलंक नाही.

भारतात सिकलसेलचा पहिला शोध १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये लागला. नागपुरातील शुक्ला व सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून विदर्भातील आदिवासी, अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय अशा अनेक समाजांत हा दोष आढळला असून, काही समाजगटांत दर पाच ते दहा माणसांमागे एक वाहक असल्याचे दिसून आले आहे.

४. मृत्यू ‘अकस्मात’ का भासतो?

सिकलसेलग्रस्त बाळ जन्मतः अगदी निरोगी दिसते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन निराळे असते व त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर ते हळूहळू कमी होऊन सुमारे सहा महिन्यांनी सदोष हिमोग्लोबिन वरचढ ठरते. गुटगुटीत बाळ सहा महिन्यांनंतर वारंवार आजारी पडू लागते आणि घरचे दृष्ट, बाधा वा दात येणे यांत कारण शोधू लागतात. आपल्या देशातील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन तुलनेने अधिक टिकते, म्हणून आपल्याकडील आजार सौम्य असतो असा समज दीर्घकाळ होता. नागपूर परिसरातील मुलांच्या अभ्यासांनी या समजाला धक्का दिला आहे.

कोवळ्या वयातील मृत्यू मुख्यतः दोन मार्गांनी येतो. दोन्हींचा संबंध प्लीहेशी, म्हणजे बोलीतील पाणथरीशी आहे.

पहिला मार्ग जंतुदोषाचा. प्लीहा रक्तातील जंतू गाळून काढते. वाकड्या पेशी तिच्या बारीक वाहिन्यांत अडकून ती पहिल्या वर्षातच दुबळी होऊ लागते. मग न्यूमोकोकस नावाचा जंतू रक्तात शिरला, तर साध्या तापापासून मृत्यूपर्यंतचे अंतर काही तासांचेच असते.

दुसरा मार्ग रक्त साचण्याचा. प्लीहेतून रक्त बाहेर पडण्याच्या वाटा बंद होतात. शरीरातील रक्त तिच्यात साठत जाते, पोटाचा डावा भाग फुगतो आणि मूल पांढरे पडते. वेळीच सलाइन व रक्त मिळाले नाही, तर बाहेर एक थेंबही न सांडता रक्तस्रावानेच मृत्यू ओढवावा, तसा प्रकार घडतो. मेळघाटासारख्या भागात फुगलेल्या पोटावर चटके देण्याचे अघोरी प्रकार ऐकू येतात. त्यांत जाणारा वेळ बाळाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणूनही त्यांचा निषेध झाला पाहिजे.

ही लक्षणे वाचताना प्रारंभी सांगितलेली मुलगी वाचकांना आठवली असेल.

५. जगाने काय शिकवले?

जमैका हा आपल्यासारखाच साधनांची टंचाई असलेला देश. तेथील किंग्स्टन शहरातील एका प्रसूतिगृहात १९७३ पासून जन्मणाऱ्या बालकांची सिकलसेल तपासणी सुरू झाली. डॉ. ग्रॅहॅम सरजंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी बालकांच्या मातांना एक गोष्ट शिकवली : बाळाच्या डाव्या बरगडीखाली बोटांनी चाचपून प्लीहा वाढली आहे काय ते पाहणे, आणि वाढलेली आढळताच तत्काळ दवाखाना गाठणे. रक्त साचून होणारे मृत्यू त्यामुळे लक्षणीयरीत्या घटले. यास ना यंत्र लागले, ना वीज.

दुसरा धडा अमेरिकेचा. १९८६ मध्ये डॉ. मॅरिलिन गॅस्टन व सहकाऱ्यांनी सिकलसेलग्रस्त २१५ बालकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून दोनदा १२५ मिलिग्रॅम पेनिसिलिन तोंडावाटे दिल्याने गंभीर न्यूमोकोकस संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. फायदा इतका स्पष्ट होता, की अभ्यास ठरल्या मुदतीपूर्वीच थांबवून सर्व बालकांना औषध देण्यात आले. तथापि हे औषध द्यावयाचे कोणाला, हे जन्मतःच कळले पाहिजे. म्हणून तेथे पुढील काळात नवजात तपासणी सार्वत्रिक झाली. न्यूमोकोकसवरील लस आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने दाखल होऊन २०२१ मध्ये देशभर उपलब्ध झाली. ती दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयांत विनामूल्य दिली जाते.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वाहक मातांच्या नवजात बालकांची तपासणी करून आजारी मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला आहे. म्हणजे हे आपल्या विदर्भातही शक्य आहे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत.

६. आमच्या कपाटातील कागद

मुलीच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी वर्षअखेरच्या कामासाठी जुन्या फायली लावताना तिच्या आईची प्रसूतीची फाईल आमच्या हाती आली. प्रसूती आपल्याच रुग्णालयात झाली होती. गरोदरपणातील तपासण्यांच्या कागदांत सिकलसेलच्या विद्राव्यता चाचणीचा अहवाल होता : ‘पॉझिटिव्ह.’ चाचणी झाली, अहवाल आला, फाईलला लागला आणि कपाटात गेला. पुढची तपासणी झाली नाही. पतीला बोलावले गेले नाही. बाळाच्या रक्ताचा थेंबही कोणी घेतला नाही. चूक कोणा एका परिचारिकेची वा डॉक्टरची नव्हती. अहवाल आल्यावर तो कोणी कोणास द्यावयाचा, हेच ठरलेले नव्हते, आणि ते ठरवणे हे आमचे, म्हणजे प्रशासनाचे काम होते.

आम्ही त्या दांपत्यास बोलावून ही चूक त्यांच्यापुढे मान्य केली. दोघांचीही तपासणी झाली. दोघेही वाहक निघाले. मुलीच्या मृत्यूचे कारण आता रक्ताने सिद्ध करता येणार नाही, परंतु लक्षणे ज्या दिशेस बोट दाखवतात ती स्पष्ट आहे. सर्व समजावून झाल्यावर त्या मातेने एकच प्रश्न विचारला, “मी रोवण्याले गेली म्हणून झालं का जी?” इतके दिवस घरात व गावात हाच ठपका तिच्यावर होता. नाही, असे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तिला सांगितले, आणि सासूबाईंसमक्ष पुन्हा सांगितले. तिचा चार वर्षांचा मुलगा हातपाय दुखतात म्हणून वारंवार रडत असे. त्याची तपासणी केली असता त्याला सिकलसेलचा आजार असल्याचे निष्पन्न झाले. त्याच्यावर आता नियमित उपचार सुरू आहेत.

७. आम्ही काय ठरवले आहे?

(अ) प्रत्येक गरोदर स्त्रीची सिकलसेल चाचणी पहिल्या नोंदणीच्या वेळीच होईल. ती पॉझिटिव्ह आल्यास वाहक व आजारी यांतील भेद दाखवणारी पुढील तपासणी आणि पतीची तपासणी त्याच आठवड्यात केली जाईल.

(आ) ज्या बाळाला आजाराचा संभव आहे, त्याच्या रक्ताचा नमुना जन्मानंतर लगेच घेऊन योग्य प्रयोगशाळेकडे पाठवला जाईल. साधी विद्राव्यता चाचणी सहा महिन्यांच्या आतील बाळात विश्वासार्ह नसते, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनमुळे दोष झाकला जातो. तिच्यावर विसंबून पालकांना खोटा दिलासा दिला जाणार नाही.

(इ) पॉझिटिव्ह अहवाल संबंधित डॉक्टरांची व समुपदेशकांची स्वाक्षरी झाल्याशिवाय फाईलला लागणार नाही. माता व बाळ यांचे कागद एकाच फाईलमध्ये राहतील.

(ई) आजारी बाळाला बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने वेळीच पेनिसिलिन सुरू होईल व लसीकरण पूर्ण केले जाईल. माता आणि आजी या दोघींनाही प्लीहा चाचपण्याचे शिक्षण दिले जाईल, कारण रोवणी व कापणीच्या दिवसांत बाळ आजीपाशीच असते. ताप, पांढरेपणा वा पोटफुगी दिसताच रात्र असो वा पाऊस, सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, हे त्यांना पुनःपुन्हा सांगितले जाईल.

(उ) रुग्णालयाच्या संपर्कातील प्रत्येक बालमृत्यूची शाब्दिक शवपरीक्षा होईल. ‘कारण अनिश्चित’ हा शेरा त्यानंतरच लिहिता येईल.

देणगीदार व हितचिंतकांस आमची विनंती दोन गोष्टींची आहे. नवजात तपासणीचा खर्च गरीब कुटुंबांवर पडू नये, यासाठी स्वतंत्र निधी उभारण्याचा विश्वस्त मंडळाचा मानस आहे. त्यास हातभार लावावा. दुसरे, रोवणीच्या हंगामात रक्तदान मंदावते आणि नेमके तेव्हाच लहानग्यांना रक्ताची गरज पडते. मृगाच्या आधी आपल्या गावी एक रक्तदान शिबिर घ्यावे. तरुण-तरुणींनी विवाहापूर्वी तपासणी करून घ्यावी. मात्र वाहक आहे म्हणून कोणाचे लग्न मोडू नये. दोघेही वाहक असतील तर समुपदेशकांचा सल्ला घ्यावा.

बोस्टन-सिडनीच्या प्रयोगशाळांत चाललेला शोध यशस्वी होवो, अशी आमची प्रार्थना आहे. आपल्या वाट्याला आलेले काम त्या मानाने सोपे आहे. झाडीपट्टीतील एका रेणूचा शोध केव्हाच लागला आहे. कपाटातील कागद मातेच्या हाती पोचवणे, एवढेच उरले आहे. पुढील वर्षीच्या अहवालात या पाच निर्णयांपैकी किती पाळले गेले, याचा हिशेब आम्ही याच पानावर मांडू. सभासदांनी तो आमच्याकडून अवश्य मागावा, ही नम्र विनंती.